पाढे बंद पडलेल्या गावात तीन दिवस

मागच्या डिसेंबरात माझ्या मावसबहिणीचा, वनिताचा फोन आला. हालहवाल काही नाही. म्हणाली, "ताई, तुह्या पुस्तिकेपायी माही शाळा बंद पडून राह्यली. आता तूच ये."

वनिता आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याच्या अलीकडच्या एका गावात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकवते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिने तशी ताकीद दिली आहे. मी यवतमाळला शिक्षकांना प्रशिक्षण देते. गेली सहा वर्षं माझा मुख्य विषय ज्ञानरचनावाद. सोप्या शब्दांत सांगायचं तर मूल म्हणजे रिकामा माठ नव्हे, आपण वरून ओतायचं नाही, त्याने स्वतः करून, चुकून, भांडून ज्ञान बांधायचं आणि शिक्षकाने तोंड आवरायचं. यावर मी एक पुस्तिका लिहिली होती आणि दिवाळीच्या फराळासोबत एक प्रत वनितालाही पाठवली होती. फराळ नेहमीप्रमाणे तिच्या घरच्यांनी संपवला. पुस्तिका मात्र तिने खरोखर वाचली. माझ्या माहितीत असं पहिल्यांदाच झालं.

फोनवर कळलं ते एवढंच की गावातल्या चौदा मुलांचे बाप त्यांना शाळेतून काढून आदिलाबादच्या इंग्रजी शाळेत घालायला निघालेत आणि शनिवारी तशी बैठक आहे. एकतीस मुलांची शाळा. त्यातली चौदा गेली तर मराठी वर्ग मोडणार, उरलेली मुलं दोन किलोमीटरवरच्या तेलुगू शाळेत, आणि वनिता कुठे जाईल ते कोणालाच माहीत नाही. मी रजा टाकली.

तुम्हाला जायचं असेल तर यवतमाळहून थेट आदिलाबादची एसटी आहे, नाहीतर पांढरकवड्याला बदला. एकूण चार तास धरा. थंडीत जा, पण स्वेटर न्या; आदिलाबादची थंडी यवतमाळच्या थंडीला मागे टाकते. पाटणबोरी मागे पडली की पैनगंगेचा पूल येतो, आणि पूल ओलांडला की फोनला रोमिंग लागतं, त्यामुळे नवऱ्याला जे सांगायचं ते अलीकडेच सांगून घ्यावं. बाकी काही बदलत नाही. तोच कापूस, तीच तूर, त्याच धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या बोरी. फक्त पाट्यांवरची अक्षरं गोल होतात. निघण्याआधी कुठे बंद आहे का याची चौकशी मात्र करा. वेगळ्या तेलंगणाच्या मागणीमुळे बस निघेल की नाही ते सध्या सकाळीच कळतं.

वनिताने फोनवर बजावलं होतं की आदिलाबादच्या स्टँडवर बसच्या पाट्या तेलुगूत असतात, कोणालाही विचार, सगळ्यांना हिंदी येतं आणि निम्म्यांना मराठी. मी विचारलं नाही. मुलांनी आपल्या पद्धतीने अक्षरं शोधावीत असं सहा वर्षं सांगणाऱ्या बाईने साधी पाटी विचारायची? माझ्याकडे वनिताच्या जुन्या पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का होता, त्यावर बेला तेलुगूत छापलेलं. पहिलं अक्षर जुळवलं, अगदी तंतोतंत जुळलं, आणि मी खिडकीची जागा धरून बसले. कंडक्टर तिकीट द्यायला आला तेव्हा बस मावल्याला पोचली होती. बेला, मी अभिमानाने म्हणाले. त्याने माझ्याकडे मायेने पाहिलं. ही बस बोथला जाते, बेला दुसऱ्या बाजूला, असं त्याने हिंदीत सांगितलं आणि शेजारच्या बाईने मराठीत भर घातली, "विचारलं असतं तं तोंड झिजलं असतं का जी?"

मावल्याहून शेअर ऑटोने परत स्टँडवर. या वेळी तीन जणांना विचारलं.

संध्याकाळी वनिताचा नवरा दिनेश मोटरसायकलवर फाट्यावर घ्यायला आला. तो आदिलाबादला तहसील कचेरीत क्लार्क आहे आणि घरीसुद्धा कचेरीचीच भाषा बोलतो. ज्वारीची भाकरी, तुरीच्या सोल्यांची आमटी आणि अंबाडीची चटणी असं जेवण समोर असताना त्याने परिस्थिती मांडली. बापांची दरखास्त तयार आहे, फक्त दस्तखत बाकी. शाळा मोडली तर वनिताचा तबादला, बहुतेक मंचेरियलकडे. मग घरातली भाकरी कोण करणार, हा मुद्दा त्याने दरखास्तीत घातला नसला तरी तो सगळ्यांत वर होता.

वनिता माझ्याहून सहा वर्षांनी लहान. लहानपणी तिला मी शाळा-शाळा खेळताना नेहमी विद्यार्थी करायचे आणि पट्टीने मारायचे. तेव्हापासून तिचं माझ्यावर काय म्हणून प्रेम आहे ते मला कळलेलं नाही. तिने त्या रात्री फक्त एवढं म्हटलं की तू बैठकीत बोलशील नं ताई, तुले बोलता येते.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शाळेत गेले. दोन खोल्या, पुढे पडवी, आवारात एक चिंच. तिथे मला कळलं की नेमकं काय बिघडलं होतं, आणि ते माझ्या पुस्तिकेतल्या एकाही प्रकरणात नव्हतं.

या गावात चाळीसेक वर्षांपासून, वनिताच्या आधीच्या दोन गुरुजींपासून, शाळेत रोज अकराच्या सुमारास पाढे व्हायचे. बे एके बेपासून तीस दाहे तीनशेपर्यंत, सगळी शाळा एका सुरात. गाव लहान, शेतं शाळेला लागून. कापूस वेचणाऱ्या बायांचं घड्याळ म्हणजे ते पाढे. तीस दाहे तीनशे ऐकू आलं की त्या कमरेवरची ओटी सोडून सरळ उभ्या राहायच्या, पाणी प्यायच्या, तंबाखू मळायच्या. शेतमालकांनीही ते मान्य केलं होतं, कारण सरकारी शाळेचा पाढा म्हणजे सरकारी वेळ. वनिताने दिवाळीनंतर पाढ्यांचं घोकणं बंद केलं. पहिल्या दिवशी बाया दुपारी एकपर्यंत वेचत राहिल्या. दुसऱ्या दिवशी वेचणाऱ्यांच्या टोळीची पुढारी रुकमाबाई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली आणि कोणी मेलं का, म्हणून विचारून गेली.

बापांचं दुःख वेगळं होतं. शाळेतून आवाज येत नाही म्हणजे बाई शिकवत नाही, हे त्यांचं साधं गणित. आवाज येत होता, पण तो बाजारासारखा, कुजबुजीचा आणि भांडणाचा. त्यावर कळस चढवला शाळा समितीचे अध्यक्ष मारोतराव यांच्या सोनालीने. मारोतरावांना तीसपर्यंत पाढे येतात, शिवाय पावकी, निमकी, दीडकी. लग्नकार्यात ते म्हणून दाखवतात. त्यांनी एका संध्याकाळी चार पाहुण्यांसमोर लेकीला विचारलं, सात आठे किती. सोनाली, वय नऊ, शांतपणे म्हणाली, "तुमाले काय वाटते, बाबा?"

दुसऱ्या दिवशी दरखास्त लिहायला घेतली गेली.

मी दिवसभर वर्गात मागे बसले. मुलं गटागटाने तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या घेऊन पडवी मोजत होती. प्रत्येक गटाची तुराटी वेगळ्या लांबीची. एका गटाची पडवी नऊ तुराट्या भरली, दुसऱ्याची तेरा. तेरावाले उड्या मारू लागले की आमच्याकडची पडवी मोठी हाये. नऊवाले म्हणाले, तुमी खोटारडे हाये. हा वाद पाऊण तास चालला. चार वेळा माझ्या जिभेवर आलं, अरे बाळांनो, तुराट्या बघा. वनिता मात्र खिडकीला टेकून उभी. खडू तिने पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला होता. मला वाटलं, सवय असेल. नंतर म्हणाली, हातात राह्यला की फळ्याकडे जाते तो. शेवटी एका मुलीने दोन तुराट्या शेजारी शेजारी धरल्या, आणि तेरावाले आपली तुराटी तिथेच टाकून नऊवाल्यांची मागायला धावले. मी सहा वर्षं ज्या क्षणाची वर्णनं करते, तो मी प्रत्यक्ष पहिल्यांदा पाहिला. हे लिहायला मला लाज वाटते, पण प्रवासवर्णनात खोटं लिहू नये.

शनिवारी जवळच्या गावचा बाजार. त्या दिवशी मजूर शेतात जात नाहीत, म्हणून बैठक तेव्हाच. दहा वाजता चिंचेखाली सतरंजी. पुढे पागोटी आणि टोप्या, मागे बाया, आणि मुलं पडवीत. मी बोलायला उभी राहिले. चांगली तयारी केली होती. सांगून मूल शिकत नाही, नुसतं ऐकलेलं डोक्यात राहत नाही, अनुभवाने राहतं, असं मी त्यांना वीस मिनिटं सांगितलं. त्यांनी वीस मिनिटं ऐकलं. पहिल्या रांगेतले एक आजोबा झोपले, त्यांच्या शेजारच्याने त्यांचं डोकं स्वतःच्या खांद्यावर नीट ठेवलं. मी बसल्यावर मारोतरावांनी नमस्कार केला आणि आदबीने विचारलं, "म्याडमजी, लई चांगलं बोलल्या. आता काय बोलल्या थे सांगा."

हसणं विरल्यावर त्यांनी मुद्द्याला हात घातला. पाढ्याबिगर पोट्टे शेतातला हिशोब कसा करतीन, हा त्यांचा प्रश्न. आणि तो काही चुकीचा प्रश्न नव्हता. म्हणाले, मी इथंच पारख करतो. तीस फुटाचं तास, एक सरी म्हना. तीन-तीन फुटावर एकेक सरकी मातीत टोबायची. किती जागी टोबाल? पाढा येणारा माणूस एका श्वासात सांगते. आता बाईचे पोट्टे सांगू द्या.

एकतीसच्या एकतीस मुलं खाली वाकली आणि मातीत रेघा ओढू लागली. काहीजण चिंचोके वेचायला धावली. बापांच्या रांगेतून हसू आलं, ते हळूहळू मोठं होत गेलं. वनिताचा चेहरा मला दिसत होता. तिची चौदा मुलं त्या हसण्यासोबत निघून चालली होती. मला ते पाहवलं नाही. मुलांना वाचवायला म्हणून मी मोठ्याने म्हणाले, "दहा."

तोंड आवरायचं हे मी शिकवते, हे मी वर लिहिलं आहेच.

मारोतराव खूश झाले. तीन दाहे तीस, पाहा, एवढ्या शिकलेल्या म्याडमलेबी शेवटी पाढाच कामी आला. सगळी पागोटी हलली. दहा, दहा, असं सतरंजीवरून मागेपर्यंत गेलं आणि मागे जाऊन थांबलं.

"अकरा," रुकमाबाई म्हणाली.

कोणीतरी विचारलं, रुकमा, तू कवा गेल्ती शाळेत?

"शाळेत नाई गेली. टोबाले गेल्ती. तुमी धुऱ्यावर बसले होते."

मग ती उठली, लुगडं सावरलं आणि करून दाखवलं. इथं उभी राह्यली. पयली सरकी पायापाशी टाकली, अजून एक पाऊलबी नाई चालली मी. मंग तीन फूट, दुसरी. पयली कोन मोजन? मी मनातल्या मनात बोटं मोजली. अकरा. पडवीतून सोनाली चिंचोक्यांची रांग दाखवत ओरडत होती, अकराच भरून राह्यले, बाबा.

इथे बैठक संपली आणि काय सुरू झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. एक बाप विहिरीवरचा दोर घेऊन आला. दुसरा फूटपट्टी मागू लागला. झोपलेले आजोबा जागे झाले आणि म्हणाले की धुऱ्याले चिकटून कोणता येडा टोबते, वखर वळवाले जागा लागते का नाई? दोन्ही कडेने दीड-दीड फूट सोडा. सोडलं. आवारात दोर ताणला, खडे ठेवले, आणि मोजले तर दहा. मारोतरावांनी दोन्ही हात वर केले. दहाच हाय म्हणलो होतो मी. रुकमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दहा आले, पन तुमच्या पाढ्यातून नाई आले. धुऱ्यातून आले."

तासभर हे चाललं. किती सोडायचं, कोणाच्या वावरात किती सोडतात, आडव्या तासालाही तसंच मोजायचं का. मुलं बापांच्या पायांमधून शिरून खडे हलवत होती. शेवटी दोन बाप चिडून वनिताकडे आले, बाई, खरं उत्तर काय ते सांगून टाका एकदाचं. वनिताने दोराचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. मी मनात म्हटलं, ही माझ्यापेक्षा किती पुढे गेली.

जेवणाची वेळ झाली तेव्हा कोणालातरी दरखास्तीची आठवण झाली. मारोतरावांनी ती खिशातून काढली, बराच वेळ वाचली. तिच्यात लिहिलं होतं की शाळेत काही चालत नाही. त्यांच्या धोतराला गुडघ्यापर्यंत माती लागली होती. सोनी हे वर्ष राह्यन, ते म्हणाले, पुढच्या वर्षाचं पुढं पाहू. त्यांच्यामागे आणखी नऊ जणांनी तसंच म्हटलं. चार जण मात्र सही करून मोकळे झाले.

रुकमाबाईने जाता जाता आपली अट ठेवली. अकराला पाढे झालेच पाहिजेत. शिक्षणाशी आपल्याला घेणं नाही, आमची कंबर हाये. वनिता कबूल झाली. मुलांनी लगेच हात वर करून विचारलं की तीस दाहे तीनशेच्या जागी आपण दुसरं काही ओरडू शकतो का. बायांनी ते बाजाराला जाता जाता फेटाळलं.

रविवारी परत. वनिता आदिलाबादपर्यंत सोडायला आली. सकाळी वेळ होता म्हणून वाटेत जैनदचं जुनं दगडी मंदिर पाहिलं. बेला ते आदिलाबाद रस्त्यावरच आहे, तासभर काढाच. शांत जागा, खांबांवरचं कोरीवकाम बघायला सकाळचं ऊन चांगलं. लाकडी खेळण्यांसाठी निर्मलला जायचं मनात होतं, पण तो पुढे दीड-दोन तासांचा रस्ता आणि घाट, एका दिवसात दगदग होते. आदिलाबादला मुक्काम करायचा असेल तर स्टँडजवळ लॉज आहेत. आम्ही फक्त चहा प्यायलो आणि मिरची भजी खाल्ली.

भजी खाताना मी वनिताला म्हणाले की तू शेवटपर्यंत उत्तर सांगितलं नाहीस, मला ते या जन्मात जमणार नाही. तिने भज्याचा तुकडा तोंडात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, मलेबी दहाच वाटलं होतं. मंग रुकमाबाईनं अकरा केले. मंग म्हातारबाबानं पुन्हा दहा केले. मले येतच नोतं तं सांगू काय?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की भजीवाला उगाच आणखी चटणी देऊन गेला. मग ती म्हणाली की तू आली ते बरं केलं, पण पुढच्या बारीनं भाषण नको देऊ. आणि तिने माझी पिशवी उचलून बसमध्ये ठेवली, पाटी स्वतः वाचून.

घरी आल्यावर दोन दिवस मी माझी पुस्तिका काढून वाचत होते. त्यात असं एक वाक्य आहे की शिक्षकाने उत्तर माहीत असूनही थांबावं. सहा वर्षं मी ते शिकवलं. उत्तर माहीत नसताना कसं थांबायचं, नोकरी पणाला लागलेली असताना, ते त्यात कुठेच नाही. ते लिहायचा प्रयत्न केला. अर्धं पान झालं, फाडलं. प्रशिक्षणात आता मी प्रश्न विचारून घड्याळ बघत गप्प बसते. पहिल्यांदा अर्धं मिनिट जमलं. चाळीस शिक्षक माझ्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं की मी कपडे उलटे घातलेत.

शाळा जूनमध्ये उघडल्या. पहिल्या आठवड्यात मी फोन केला नाही, हिंमत झाली नाही. दुसऱ्या आठवड्यात वनिताचाच आला. पटावर अठ्ठावीस. चार गेले ते गेलेच, पण रुकमाबाईच्या टोळीतल्या एकीने तेलुगू शाळेतली आपली पोरगी इकडे आणली होती. वर्ग टिकला. मी विचारलं, आणि सोनी?

वनिताने सांगितलं की सोनी आली, पण एकटी नाही आली. बाजाराच्या दिवशी तिचा बाप येऊन पडवीत बसतो. दर वेळी एक प्रश्न घेऊन येतो, शेतातला, विहिरीतला, बैलांच्या चाऱ्याचा. उत्तरही घेऊन येतो, पण मुलांनी त्याला ते सांगायला मनाई केली आहे. बोलायचं असेल तर बोट वर करावं लागतं. "मागच्या शनवारी," ती म्हणाली, "अर्धा तास बोट वर करून बसला होता बिचारा. कोणी विचारलंच नाई त्याले."